मागच्या दोन स्प्रिंगा : मैंदर्गीचा रस्ता, वालचंदांचा कारखाना आणि कॉन्टेसा

अक्कलकोटहून आग्नेयेस निघालेला रस्ता मैंदर्गी ओलांडून दुधनीकडे जातो. पुढे काही अंतरावर कर्नाटकाची हद्द लागते. दोन्ही बाजूंना काळी जमीन. पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. अशा फुगणाऱ्या आणि आकसणाऱ्या मातीवर बांधलेला रस्ता कितीही चांगला केला, तरी काही पावसाळ्यांनंतर त्याचा पृष्ठभाग लाटांसारखा वरखाली होऊ लागतो. खड्डा डांबराने बुजवता येतो, लाट मात्र बुजत नाही, कारण ती रस्त्याच्या पोटातून आलेली असते.

या रस्त्यावर एखाद्या घराच्या पडवीत वीस-पंचवीस वर्षे झाकून ठेवलेली हिंदुस्थान कॉन्टेसा पुन्हा चालती करावयाची आहे, असे क्षणभर समजावे. इंजिन सुरू झाले, ब्रेक धरू लागले, रंगही लागला. पण गाडीचा मागचा भाग बसलेला आहे. मागे तीन माणसे बसली की चाक मडगार्डला टेकते. मागच्या दोन कॉइल स्प्रिंगा बदलल्या पाहिजेत. परंतु कोणत्या घालाव्यात?

प्रश्न मिस्तरीचा वाटतो. त्याचे उत्तर शोधू लागले की वाट सोलापूर, कुर्ला, डेट्रॉइट, लुटन आणि उत्तरपाडा अशा गावांतून जाते. त्या वाटेचा हा धागा.

प्रारंभ ‘मसल कार’ या शब्दापासून केला पाहिजे, कारण कॉन्टेसाला हिंदुस्थानची मसल कार म्हणण्याची प्रथा आहे. अमेरिकेत हा शब्द साधारणपणे १९६४ च्या पाँटियाक जीटीओपासून रूढ झाला. मध्यम आकाराची, दोन दारांची, फारशी महाग नसलेली गाडी आणि तिच्यात मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरांचे इंजिन, हे त्याचे सूत्र. कॉन्टेसा १९८४ मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्यात अ‍ॅम्बॅसडरचेच १४८९ घनसेंटिमीटरचे, जेमतेम पन्नास अश्वशक्तीचे इंजिन होते. तेव्हा बळ नव्हते, बळाचा आभास होता : लांब बॉनेट, रुंद तोंड, मागच्या चाकावर फुगून आलेला पत्रा. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आल्यावर गाडीला थोडा न्याय मिळाला. तरीही हा मान तिच्याकडे आला तो बहुतांशी प्रतिस्पर्धी नसल्यामुळे. आणि प्रतिस्पर्धी का नव्हते, हा खरा ऐतिहासिक प्रश्न आहे.

अमेरिकन गाड्या भारताला अपरिचित नव्हत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला सुटे भाग जोडून मोटारी तयार करण्याचा कारखाना काढला होता. फोर्डही काही वर्षांत मुंबईत आली. तथापि हे कारखाने जोडणीचे होते, निर्मितीचे नव्हते. पेटाऱ्यांतून आलेले भाग जोडावयाचे आणि गाडी विकावयाची, एवढेच त्यांचे काम. येथे पोलाद वितळत नव्हते, स्प्रिंग वळली जात नव्हती.

निर्मितीचा आग्रह धरणाऱ्यांत एक नाव थेट सोलापूरचे आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. लक्ष्मणराव फाटक यांच्यासह त्यांनी कंत्राटदारी सुरू केली आणि त्यांच्या आरंभीच्या रेल्वेकामांत बार्शी लाइट रेल्वेचे काम होते. या रेल्वेचा येथे उल्लेख केवळ जिल्ह्याच्या अभिमानापोटी नाही. अडीच फूट रुंदीच्या त्या रुळांवर एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने प्रत्येक आसावर पडणारे वजन पाच टनांपर्यंत मर्यादित ठेवले होते, मग ते इंजिन असो वा मालडबा. भार किती आहे यापेक्षा तो कोठे आणि किती चाकांवर वाटला जातो हे महत्त्वाचे, ही गोष्ट सोलापूर जिल्ह्याने मोटारीच्या आधी त्या छोट्या आगगाडीत पाहिली. कॉन्टेसाच्या मागच्या स्प्रिंगांचा प्रश्न शेवटी हाच आहे.

वालचंदांनी पुढे जहाजे, साखर, विमाने अशा अनेक क्षेत्रांत हात घातला. मोटारीसाठी त्यांनी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार केला. महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने या उद्योगाला अपेक्षित आधार दिला नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या नावांच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे दोन दशकांनी अमेरिकेत ज्या मसल कारनी रस्ते गाजवले, त्यांपैकी डॉज चार्जर आणि प्लिमथ रोड रनर याच घराण्यांतल्या. म्हणजे नावे कुर्ल्यात होती; ती गाडी मात्र येथे कधीच आली नाही.

ती न येण्याचे कारण धोरणात आहे. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनुसार सरकारने ठरवले की, ज्या कंपन्यांकडे भारतातच टप्प्याटप्प्याने निर्मिती करण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच येथे राहावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आपला बाडबिस्तरा गुंडाळला. प्रीमियरने फियाटचा हात धरला. त्यातून फियाट ११००, नंतर ११०० डी आणि १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी आली. उत्तरपाड्यात हिंदुस्थान मोटर्सने मॉरिसवरून अ‍ॅम्बॅसडर घडवली. या निर्णयाला आज सरसकट दोष देण्याची फॅशन आहे. ते पूर्णतः न्याय्य नाही. शिवडीत पेटारे उघडण्याने देशात स्प्रिंगचे पोलाद तयार झाले नसते. सुट्या भागांचा भारतीय उद्योग या सक्तीतून उभा राहिला. मात्र त्याची किंमत अशी की, पुढची तीस वर्षे भारतीय गाडीच्या मागच्या बाजूस पोलादाचे पाटेच राहिले.

पाटे, म्हणजे कमान पाटे. सोलापूरच्या कोणत्याही एसटी चालकाला ‘पाटा तुटला’ हे शब्द उच्चारताच पुढचे सारे चित्र दिसते. एकावर एक ठेवलेल्या, थोड्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या, मधोमध आसाला आवळलेल्या, दोन्ही टोकांना गाडीच्या सांगाड्याशी जोडलेल्या. १८०४ च्या सुमारास लंडनच्या ओबाडाया इलियट याने अशा कमानींवर घोडागाडी टांगली आणि तिची खालची जड लाकडी चौकट काढून टाकली. तेव्हापासून टांगा, बग्गी, ट्रक, जीप आणि १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला निघालेल्या पहिल्या एसटीपर्यंत हीच कमान चालत आली. अ‍ॅम्बॅसडरच्या मागे पाटे, पद्मिनीच्या मागे पाटे.

कमान पाट्याचा मोठा गुण असा की, तो एकाच वेळी तीन कामे करतो. वजन उचलतो, आस जागेवर धरून ठेवतो आणि पट्ट्यांच्या परस्पर घर्षणाने हादराही थोडा शोषतो. आणखी एक गुण अभियांत्रिकीच्या पुस्तकात ठळकपणे येत नाही, पण मैंदर्गीसारख्या गावाच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा : पाटा गावात दुरुस्त होतो. एक पट्टी तुटली तर तेवढीच बदलावी. गाडी बसली तर पट्ट्या काढून ठोकून पुन्हा कमान द्यावी, जास्त ओझे न्यायचे असेल तर एक पट्टी वाढवावी. लोहाराची विद्या येथे पुरते. ज्या अक्कलकोट संस्थानाचा शस्त्रसंग्रह आजही लोक पाहायला जातात, त्या परिसरात पोलादाला ‘पाणी देणे’ ही कल्पना कोणाला समजावून सांगावी लागत नाही. तलवारीला पाणी देणारे आणि पाट्याला पाणी देणारे शास्त्र मुळात एकच आहे : तापवणे, एकदम थंड करणे, मग थोडे तापवून ठिसूळपणा काढणे.

कॉइल स्प्रिंग या परंपरेत बसत नाही. ती फक्त वजन उचलते. आसाला पुढेमागे आणि आजूबाजूस सरकू न देण्यासाठी स्वतंत्र दांडे लागतात, हादरा मुरवण्यासाठी चांगले शॉकअप लागतात. आणि ती तुटली वा बसली तर लोहाराकडे तिच्यावर उपाय नाही. तिची एक पट्टी बदलता येत नाही, कारण तिला पट्टीच नाही.

मग मोटारकारांनी ती स्वीकारली कशासाठी? तत्त्व जुने आहे. रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये स्प्रिंगचा नियम उघड केला : जितके बल, तितका ताण. (दक्षिण दिग्विजय आटोपून शिवाजी महाराज महाराष्ट्रात परतले तो हाच काळ.) पण मोटारीच्या बाबतीत निर्णायक काम विसाव्या शतकातील मॉरिस ऑली या अभियंत्याचे आहे. रोल्स-रॉइसमधून तो १९३०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला. तेथे त्याने वजने हलवता येतील अशी एक चाचणी-गाडी तयार करून माणसाला कोणते हेलकावे सोसतात आणि कोणते सोसत नाहीत याचा पद्धतशीर शोध घेतला. त्याचा निष्कर्ष त्या काळच्या समजुतीच्या उलट होता. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ असाव्यात. रस्त्यावरचा उंचवटा आधी पुढच्या चाकाखाली येतो, क्षणभराने मागच्या. मागचा भाग जरा अधिक वेगाने हेलकावला, तर तो पुढच्या भागाला गाठतो आणि गाडी झोपाळ्यासारखी पुढेमागे न डुलता सपाट वरखाली होते.

पाट्यांच्या घर्षणामुळे अशी मऊ, मोजूनमापून दिलेली चाल साधणे कठीण होते. कॉइलमध्ये ते घर्षण नाही. ब्यूइकने १९३८ मध्ये चारही चाकांना कॉइल स्प्रिंगा दिल्या. जनरल मोटर्सने हा मार्ग पुढे चालवला, म्हणून १९६४ नंतरच्या शेव्हरले शेव्हेल आणि पाँटियाक जीटीओ यांच्या मागे कॉइल स्प्रिंगा आणि चार दांडे आढळतात. त्याच काळातल्या फोर्ड मस्टँगच्या आणि क्रायस्लरच्या डॉज-प्लिमथ गाड्यांच्या मागे मात्र पाटेच. सगळ्या मसल कार एकसारख्या होत्या, हा समज एवढ्यानेच खोटा ठरतो.

ऑली १९३०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये लुटनच्या व्हॉक्सहॉल कंपनीत काम करत होता. व्हॉक्सहॉल ही जनरल मोटर्सचीच शाखा. याच कंपनीने १९७२ मध्ये व्हिक्टर मालिकेची एफई गाडी काढली. मागे अखंड आस, त्याला धरणारे दांडे आणि दोन कॉइल स्प्रिंगा. १९७६ मध्ये तिचे नामकरण व्हीएक्स असे झाले, १९७८ मध्ये ती बंद पडली आणि तिची यंत्रसामग्री व साचे हिंदुस्थान मोटर्सने घेतले. तीच कॉन्टेसा. डेट्रॉइटची विचारधारा भारतात आली ती अशी लुटनमार्गे, सहा वर्षे उशिरा आणि दुसऱ्याच इंजिनासह. जवळपास त्याच वेळी, १९८५ मध्ये, वालचंदांच्या प्रीमियरने फियाट १२४ च्या कुळातली ११८ एनई आणली. त्या कुळातही मागे कॉइल स्प्रिंगाच. कमान पाट्यांचे राज्य असे एकाच वेळी दोन बाजूंनी संपू लागले.

आता पुन्हा मैंदर्गीच्या पडवीत.

‘मूळची जशी होती तशी स्प्रिंग घालावी’ हे उत्तर सर्वांना सुचते. पण ‘मूळची’ म्हणजे कोणती? इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न ओळखीचा आहे. बखरीची मूळ प्रत शोधताना तो असाच समोर येतो. व्हॉक्सहॉलची स्प्रिंग इंग्लंडच्या रस्त्यासाठी आणि १.८ वा २.३ लिटरच्या इंजिनासाठी होती. १९८४ ची कॉन्टेसा वेगळ्या इंजिनाची. त्यानंतर इसुझूचे पेट्रोल इंजिन, पुढे डिझेल इंजिन, वातानुकूलन, आणि अनेक मालकांनी डिकीत बसवलेली गॅसची टाकी. बाहेरून गाडी तीच, भार निराळा. अमेरिकेत जनरल मोटर्स गाडीवर कोणती उपकरणे चढली आहेत हे पाहून निरनिराळ्या स्प्रिंगा बसवी, आणि आज तेथे जुन्या शेव्हेलचा मालक भागाचा क्रमांक पाहून नेमकी जोडी मागवू शकतो. कॉन्टेसाचे उत्पादन २००२ मध्ये थांबले, उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ मध्ये. आता क्रमांक विचारावा तरी कोणाला? म्हणून गाडीखालची जुनी, गंजलेली, बसलेली स्प्रिंग हेच अस्सल साधन उरते. ती भंगारात देण्यापूर्वी वाचली पाहिजे.

त्याआधी आरोपी स्प्रिंगच आहे का, हे पाहावे. दांड्यांचे रबरी बुश संपले असतील, स्प्रिंग जेथे बसते तो पत्रा गंजून आत गेला असेल, तरी गाडी तशीच बसलेली दिसते. सपाट फरशीवर गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. एकच बाजू खाली असेल तर संशय पत्र्यावर आधी घ्यावा.

स्प्रिंग काढताना एक गोष्ट हलक्यात घेऊ नये. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाचा हात मोडेल एवढी ऊर्जा साठलेली असते. सांगाड्याखाली पक्के स्टँड, आसाखाली जॅक, मग शॉकअप सोडून जॅक हळूहळू खाली; ब्रेकचा रबरी पाइप ताणला जाणार नाही इकडे लक्ष. केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली जाणे हा मूर्खपणा आहे, मग तो कितीही अनुभवी मिस्तरी करो.

बाहेर काढलेली स्प्रिंग घासून स्वच्छ केली की मोजमापे सुरू होतात. मोकळी उंची, तारेची जाडी, वेढ्याचा व्यास, प्रत्यक्ष काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या, टोकांचा आकार. या मापांवरून स्प्रिंगचा कडकपणा काढता येतो. तो तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो, वेढ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताने कमी होतो आणि वेढे वाढले की त्याच प्रमाणात घटतो. चौथा घात हा शब्द पुन्हा वाचावा. तार १२ मिलिमीटरची असताना कोणी ‘जरा मजबूत’ म्हणून १३ मिलिमीटरची स्प्रिंग बसवली, तर कडकपणा जवळजवळ ३८ टक्क्यांनी वाढतो. उलट, गंजाने १२ ची तार सर्वत्र ११.५ झाली असेल तर तो सुमारे १६ टक्क्यांनी घटलेला असतो. व्हर्निअर कॅलिपर धरताना रंगाचा एक थर राहिला तरी हिशेब चुकतो तो यामुळे.

येथे सर्वांत मोठा आणि सर्वत्र आढळणारा गैरसमज येतो. बसलेली स्प्रिंग ‘मऊ पडली’ असे म्हटले जाते. तसे सहसा नसते. वर्षानुवर्षांच्या भाराने पोलाद कायमचे थोडे आखडते, म्हणजे मोकळी उंची कमी होते. पण तारेची जाडी, व्यास आणि वेढे तेच असल्याने तिचा कडकपणा जवळपास पूर्वीइतकाच राहतो. प्रत्येक जादा किलोला ती पूर्वीइतकीच दबते, फक्त सुरुवातच खालून करते. म्हणून बसलेल्या स्प्रिंगेवरचा उपाय अधिक कडक स्प्रिंग हा नाही, योग्य उंचीची स्प्रिंग हा आहे. ही एक गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे कितीतरी जुन्या गाड्यांच्या मागे मालवाहू गाडीच्या स्प्रिंगा बसल्या असतील आणि मालक ‘आता गाडी कशी उभी आहे बघा’ म्हणत मणक्याला हात लावत फिरत असतील.

कडक स्प्रिंग नको असण्यामागे ऑलीचा निष्कर्ष आहे. उभ्या गाडीच्या वजनाने स्प्रिंग १५० मिलिमीटर दबत असेल, तर त्या टोकाचे हेलकावे सेकंदाला सुमारे १.३ होतात; १०० मिलिमीटर दबत असेल तर सुमारे १.६. मागचा भाग पुढच्यापेक्षा थोडा जलद असावा, हे खरे. पण फार जलद झाला की पुढचे-मागचे नाते तुटते. खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यावर तो दोष केवळ आवाजाने कळतो; काळ्या मातीवरच्या लांब लाटांवर मात्र मागचा भाग प्रवाशांना आसनावरून उचलू लागतो आणि रिकाम्या गाडीची मागची चाके वळणावर रस्ता सोडतात. मागच्या चाकांना बळ देणाऱ्या गाडीत ही बाब जिवावर बेतणारी आहे.

दुसरीकडे, मूळ इंग्लिश मापाला चिकटून बसणेही शहाणपणाचे नाही. येथे मूळपणाच्या आग्रहाला मर्यादा घालावी लागते. उदाहरणादाखल, एका स्प्रिंगचा कडकपणा प्रति मिलिमीटर २५ न्यूटन धरू आणि ती आसावरच बसलेली आहे असे समजू. मागे माणसे व सामान मिळून २०० किलो आले, त्यातला निम्मा भार प्रत्येक स्प्रिंगवर. गाडी सुमारे ३९ मिलिमीटर खाली जाईल. आसाच्या आणि रबरी ठोकळ्याच्या मधली मोकळी जागा त्याहून पुरेशी जास्त हवी, नाहीतर पहिल्याच लाटेला धडक बसणार. दिवाळीला सहा माणसे आणि पिशव्या घेऊन अक्कलकोटला जाणारी गाडी आणि वर्षातून दोनदा सोलापूरच्या प्रदर्शनात उभी राहणारी गाडी यांना एकच स्प्रिंग योग्य ठरेलच असे नाही. पहिलीसाठी उंची मूळइतकी आणि कडकपणा फार तर दहाएक टक्के अधिक, हा तोल बहुधा मानवतो. दुसरीला मूळ माप पुरे.

पर्याय तीन. भंगारातल्या दुसऱ्या कॉन्टेसाची जोडी : ती तितकीच जुनी, तितकीच बसलेली, घ्यायची तर मापे घेऊनच. दुसऱ्या एखाद्या गाडीची स्प्रिंग : वेढ्याचा व्यास आणि टोकांचा आकार जुळला तरच, कारण टोक बैठकीत नीट बसले नाही तर स्प्रिंग फिरते, आवाज करते आणि शेवटी तेथेच तुटते. तिसरा पर्याय, मापे देऊन नवी जोडी वळवून घेणे. खर्च अधिक, पण योग्य मार्ग हाच. स्प्रिंग करणाऱ्याला मापांबरोबर उभ्या गाडीत हवी असलेली उंची आणि मागच्या प्रत्येक चाकावरचे वजन सांगावे. हे वजन धर्मकाट्यावर मिळते, फक्त मागची चाके काट्यावर घेऊन निम्मे करावयाचे. आस, चाके आणि टायर यांचे वजन स्प्रिंगवर नसते, तेवढे वजा करावे. आपल्याकडे स्प्रिंगसाठी सिलिकॉन-मँगनीजचे पोलाद सर्रास मिळते, क्रोम-व्हॅनेडियमचेही मिळते. पाणी देऊन झाल्यावर पृष्ठभागावर बारीक छर्‍यांचा मारा केला आहे का आणि स्प्रिंग पूर्ण दाबून आधीच बसवून घेतली आहे का, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. छर्‍यांच्या माऱ्याचे शास्त्र जनरल मोटर्सच्याच जॉन आल्मेन याने पद्धतीत बांधले. त्याने पृष्ठभागावर दाब निर्माण होतो आणि भेग सुरू होणे लांबते. दुसरी क्रिया न केलेली स्प्रिंग पहिल्या काही महिन्यांतच बसते.

आणि काय करू नये? गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून गाडी खाली बसवणे म्हणजे दिलेले पाणी काढून घेणे आहे. ते पोलाद पुन्हा विश्वासाचे राहत नाही. आठ वेढ्यांतला एक कापला तर उंची घटते आणि उरलेली स्प्रिंग सुमारे १४ टक्क्यांनी अधिक कडक होते, शिवाय कापलेले टोक बैठकीला धरत नाही. वेढ्यांच्या मध्ये घालायचे रबरी ठोकळे स्वस्त आणि लोकप्रिय आहेत. ते काही वेढे बंद पाडतात आणि त्यांचा ताण शेजारच्यांवर टाकतात. आठवड्याभराच्या प्रवासाला ठीक, कायमचा उपाय म्हणून नाही. एकच बाजू बदलणे हाही खोटा काटकसरीपणा.

नवी जोडी बसवताना दांड्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यानंतरच शेवटचे आवळावेत. जॅकवर लोंबत्या आसावर आवळले तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात, गाडी खोट्या उंचीवर उभी राहते आणि बुश लवकर फाटतात. नंतर दुधनीपर्यंत दोन-चार फेऱ्या कराव्यात, रिकाम्या आणि भरलेल्या, आणि तीच फरशी, तीच पट्टी घेऊन उंची पुन्हा मोजावी. पाच-सात मिलिमीटरचा फरक पडेल. तो धरूनच स्प्रिंग सांगितलेली असावी.

जुन्या दोन स्प्रिंगा तेल लावून गोणपाटात बांधाव्यात. डावी कोणती, उजवी कोणती, गाडी कोणत्या वर्षाची, इंजिन कोणते, तार किती मिलिमीटरची, वेढे किती, ही नोंद पत्र्याच्या तुकड्यावर कोरून तारेने बांधून ठेवावी. कागद उंदीर खातात.